उजव्या पायाचा अंगठा

दसऱ्याच्या सकाळी शेवंताबाई ड्यूटीवर निघाली तेव्हा तिच्या पिशवीत जेवणाचा डबा, झेंडूची चार फुलं आणि नवऱ्याचा एक मळका सदरा होता. सदरा वाटेत धोब्याकडे टाकायचा होता. लक्ष्मणराव दोन दिवसांपूर्वीच नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते, आणि त्यांच्याबरोबर जबलपुरातल्या गोरखपूर वस्तीतली त्यांची अर्धी गल्ली. शेवंताबाईही दरवर्षी जायची. या वर्षी बाकीच्या दोघी नर्सनी आधीच सुट्टी टाकली आणि मोठी सिस्टर म्हणून ती मागे अडकली. त्यावरून ती चिडलेलीच होती. धोब्याचं दुकान बंद दिसलं तेव्हा आणखी चिडली आणि सदरा तसाच पिशवीत घेऊन दवाखान्यात पोचली.

गोहलपुरच्या पलीकडे वीस खाटांचा तो धर्मादाय दवाखाना होता. आता तिथे गोदाम आहे. ही गोष्ट ऐंशी-एक्क्याऐंशी सालची. दसरा म्हटलं की जबलपूरचं माणूस घरात बसत नाही. देवी बघायला, चल समारोहाची मिरवणूक बघायला सगळं शहर रस्त्यावर येतं. चालता येणाऱ्या सगळ्या पेशंटांनी आदल्या दिवशीच घरं गाठली होती. वॉर्डात वीस पलंग, त्यांना बांधलेले मच्छरदाणीचे बांबू, उकळत्या पाण्यात खडखडणाऱ्या सिरिंज आणि शेवंताबाई, एवढंच काय ते उरलं होतं. डॉक्टर अच्युत मुंडले मागच्या क्वार्टरात दाढी करत होते.

वॉर्डात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, हिंदीत आणि मराठीत. 'मण्यार चावलेल्या माणसाला चोवीस तास मेला म्हणायचं नाही.' हे डॉक्टर मुंडल्यांनी स्वतः शिडीवर चढून रंगवलं होतं. मण्यारीचं विष माणसाला आतून कुलूप लावतं. पापणी उचलत नाही, जीभ हलत नाही, शेवटी छातीही हलायची थांबते. डोळ्यांच्या बाहुल्या मेलेल्यासारख्या पसरतात. पण माणूस आत शाबूत असतो, शुद्धीत असतो, बाहेर बोललेलं सगळं त्याला ऐकू येत असतं. फक्त विष उतरेपर्यंत त्याचा श्वास दुसऱ्या कुणालातरी घ्यावा लागतो.

हे डॉक्टरांना कळायला एक पेशंट जावा लागला होता. तिचं नाव शकु. भिंत रंगवली त्या दिवशी शेवंताबाई शिडी धरून उभी होती. 

साडेसातला फाटकाशी टेम्पो थांबला. एक पन्नाशीचा माणूस मुलीला खांद्यावर टाकून धावत आला. "सिस्टरबाई, देखो ना... पोट दुखते म्हणून उठली पहाटे. साप चावला म्हणते. गुनियाकडे नेली होती, त्यानं बांधून देल्लं."

मुलगी सोळा-सतरा वर्षांची होती. तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबलेला, कपाळाला त्या गुनिया मांत्रिकाने फासलेली राख. उजव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत तीन ठिकाणी सुतळी करकचून आवळलेली, पाय वांग्यासारखा जांभळा. पापण्या निम्म्यावर उतरल्या होत्या. शेवंताबाईने बोट घालून पाला काढला तेव्हा तिने नाकातून, जड आवाजात दोनच वाक्यं म्हटली.

"माझं नाव कुंदा. मला... पाण्यात नका सोडू."

शेवंताबाईचा हात थांबला. तिने मान वर करून त्या माणसाकडे नीट पाहिलं. समोरचा दात अर्धा तुटलेला. डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू. बारा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण दयाराम तोच होता. सिहोऱ्याच्या वाटेवरच्या वीटभट्टीवर काम करणारा, भंडाऱ्याकडून आलेला दयाराम. शकुचा नवरा. तेव्हा त्याच्या कडेवर पाच वर्षांची मुलगी होती, नाक गळत होतं तिचं.

"सुतळी कापा न बाई," दयाराम म्हणाला. "पाय सडून राहिला."

"हात लावू नका!" डॉक्टर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आले होते. "आधी औषध, मग सुतळी. एकदम सोडली तर तुंबलेलं विष एका झटक्यात वर जाईल. सिस्टर, सगळ्या कुप्या काढा."

कपाटात सापाच्या औषधाच्या आठ कुप्या निघाल्या. आठही सलाईनमध्ये गेल्या. औषध धावायला लागल्यावर डॉक्टरांनी वरची सुतळी सैल केली, मग थांबून मधली, मग खालची. चावल्याची खूण घोट्याजवळ होती, दोन टाचण्या टोचाव्यात तेवढी. तेवढ्यात मुलीची मान लुळी पडली. ओठ निळे पडले. डॉक्टरांनी घशातून नळी उतरवली, तिला फुगा जोडला आणि शेवंताबाईच्या हातात दिला.

फुगा म्हणजे काळ्या रबराची नारळाएवढी पिशवी. दाबली की पेशंटच्या छातीत हवा जाते, सोडली की बाहेर येते. यंत्र मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत, इथे फक्त हात. मिनिटाला सोळा वेळा. हात थांबला की तीन-चार मिनिटांत खेळ संपला.

"सिस्टर, थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाले. तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले.

"या बारीला नाही थांबत," शेवंताबाई म्हणाली.

बारा वर्षांपूर्वी ती थांबली होती. ऐका, कारण हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, लक्ष्मणरावांनाही नाही. शकुला अकराच्या सुमाराला आणलं होतं. शेवंताबाईने चार तास फुगा दाबला. तिची लेक तेव्हा तीन महिन्यांची, घरी भुकेने रडत असणार. दुधाने चोळी भिजली होती, बोटं वळायची बंद झाली होती. मुंडले तेव्हा नवखे. त्यांनी बॅटरीने शकुचे डोळे पाहिले, बाहुल्या हलेनात. "संपलं सिस्टर. थांबा," ते म्हणाले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शेवंताबाईने हात काढला, आणि त्याच क्षणी शकुच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. एकदाच. जणू कुणी दाराला हळूच धक्का द्यावा. शेवंताबाईने तो पाहिला. स्वच्छ पाहिला. आणि भासच असेल असं मनाशी म्हणून तिने चादर ओढली, कारण तिला घरी जायचं होतं.

दुपारचे बारा वाजले. बाहेर ढोलांचा गजर सुरू झाला होता. डॉक्टरांनी कुंदाच्या बाहुल्या पाहिल्या. पसरलेल्या. "आणखी दहा कुप्या हव्यात. फोन बंद पडलाय. मी स्कूटर घेऊन निघतो. रस्ते अडलेत, दोन तास तरी लागतील." मग ते दयारामकडे वळले. "तुम्ही शिका. सिस्टरांचे हात दुखले की तुम्ही दाबायचं. आणि लक्षात ठेवा, मुलीला सगळं ऐकू येतंय. तिच्याशी चांगलं बोला."

"अच्छा, साहेब," दयाराम म्हणाला. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

स्कूटरचा आवाज ढोलांत मिसळून गेला. वॉर्डात तिघं उरली. वरचा पंखा कुरकुरत होता. शेवंताबाई मुलीशी बोलत राहिली. "कुंदा, मी शेवंता. तुझ्या डोळ्यावर ओली पट्टी ठेवून राहिली, घाबरू नको... आता घसा साफ करते, थोडं खुपेल..."

पायाने दाबायच्या सक्शनने तिने नळीतली लाळ ओढली. बाटलीत आधी फेस आला. मग पाणी आलं. मग काळसर गाळ. एका हाताने फुगा दाबत शेवंताबाईने दुसऱ्याने बाटली उजेडात धरली. तळाशी बारीक वाळू बसत होती आणि तिच्यात केळीच्या सोपटाचा एक धागा तरंगत होता.

"हिनं नदीचं पाणी पिलं का?" तिने विचारलं.

"नदी कुठं आली बाई भट्टीवर..." दयाराम म्हणाला. मग त्याने बाटलीकडे पाहिलं आणि तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

तेव्हाच तो वास पहिल्यांदा आला. फिनेल, स्पिरिट, उकळलेलं रबर या सगळ्यांच्या खालून येणारा, सडक्या केळीचा आणि ओल्या चिखलाचा. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून अंगावर येत होतं आणि शेवंताबाईच्या पावलांना गारवा लागत होता. तिने खाली पाहिलं. पलंगाच्या पायथ्याशी लादी ओली होती. सलाईन गळत असेल, ती मनाशी म्हणाली. सलाईन गळत नव्हतं.

दीड वाजता तिच्या बोटांना पेटके आले. तिने दयारामला बोलावलं, त्याचे हात फुग्यावर ठेवले. "दाब... सोड... एक, दोन. असं." तो दाबू लागला. विटा उचलणारे हात, ताकद भरपूर होती. पण नजर मुलीच्या तोंडावरून हटत नव्हती.

"अगदी तिच्यासारखी दिसून राहिली," तो म्हणाला. "हाच पलंग होता न? तुम्हीच होता न बाई? मी वळखलं तुम्हाला, आल्या आल्या."

शेवंताबाई हात चोळत राहिली.

"साप चावलेल्याला आमच्याकडे जाळत नाही. केळीच्या खांबांचा तराफा करतात, त्यावर निजवतात, नर्मदाजीत सोडतात. कधी कधी मैया जीव परत देते म्हणतात." दाब... सोड. "देल्ला तिनं."

"काय?"

"दिवस बुडत होता. भाऊ होते दोघं, मी होतो. मी कमरेएवढ्या पाण्यात, हातात बांबू, तराफा धारेला लावून राहिलो होतो. आणि ती उठून बसली."

फुगा थांबला. शेवंताबाईने झडप घालून तो स्वतःच्या हातात घेतला. एक, दोन चालू राहिलं. "दयाराम, बस. पोरगी ऐकून राहिली."

"काय ऐकते बाई, गेली ती. मी पाहिलं आहे असं तोंड." तो आता थांबणार नव्हता. बारा वर्षांचं साठलेलं, एकदा फुटल्यावर वाहतच राहिलं. "उठून बसली, डोळे उघडे, हळद लावलेलं तोंड. मले म्हणे, कुंदा कुठं आहे... भाऊ पळाले. मले वाटलं, मेलेल्या बाईच्या अंगात काही शिरलं. आता हे घरी येईल, पोरीला नेईल. मी बांबू घातला. डोक्यात. ती पडली नाही. दुसरा घातला. तिनं तराफ्याची कड धरली, तर बोटांवर घातला, बांगड्या फुटल्या, बोटं फुटली तरी सोडेना. म्हणे, मी हाये... अवो, मी हाये... सात लागले बाई. सातव्याला कवटी मऊ झाली. मग मी पायानं दाबून धरली तिला पाण्याखाली, बुडबुडे थांबेपर्यंत."

ढोल अगदी जवळ आले होते. खिडकीची तावदानं थरथरत होती. कुंदाच्या डोळ्यावरच्या ओल्या पट्टीखालून एक थेंब निघाला आणि कानशिलावरून केसांत उतरला. शेवंताबाईने तो पाहिला. ही पोर तोंडात नळी, बोटही न हलवता, आपल्या आईचा खून बापाच्या तोंडून ऐकत पडली होती.

"भूतच होतं न, बाई?" दयारामने विचारलं. आता तो लहान मुलासारखा रडत होता. "तुम्ही इथं होता. तुम्ही हात लावून पाहिलं होतं. ती मेलीच होती न? तुम्हीच सांगा."

हीच ती वेळ होती. अंगठा हलला होता, एवढं एक वाक्य. शेवंताबाईच्या जिभेवर ते आलं होतं. पण ते बोललं की सात तडाख्यांच्या आधीचा पहिला तडाखा आपलाच होता, हे तिला कबूल करावं लागणार होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी काही पाहिलं नाही."

पंखा बंद पडला. फुगा एकदम जड झाला, जणू आत हवेऐवजी पाणी भरलं. मग लगेच हलका झाला. तिच्या बोटांवर आणखी कुणाची तरी बोटं दाबत असावीत तसा. एक, दोन. एक, दोन. तिला वर बघायचा धीर झाला नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. तीनला पाच कमी. तीन. तीन वाजून पाच.

तीन वाजून दहा मिनिटांनी कुंदाच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

"कुंदा!" शेवंताबाई ओरडली. आनंदाने ओरडली, अगदी मनापासून. औषध लागू पडलं होतं, कुलूप उघडू लागलं होतं. अंगठा पुन्हा हलला. मग पाऊल. मग पट्टी घसरली आणि एक पापणी, दोराने ओढल्यासारखी, अर्धी वर गेली.

आणि दयाराम किंचाळला. "आली... तीच आली... बाई, बाजूला व्हा, तीच आहे ती!"

बाजूच्या पलंगाच्या मच्छरदाणीचा बांबू त्याने एका हिसक्यात उपटला. शेवंताबाईला हात सोडता येईना. तिने डावा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, दुखलं नंतर. उजव्या हाताने फुगा छातीशी धरून ती दाबत राहिली. दुसरा तडाखा खांद्यावर बसला. ती मुलीच्या अंगावर आडवी झाली, फुगा तिच्या आणि मुलीच्या मध्ये. "दयाराम, तुझी लेक आहे रे! जिवंत आहे! दयाराम..." तिसरा तडाखा पाठीवर आला आणि तिच्या तोंडातून रक्त आलं. ते कुंदाच्या गालावर पडलं.

चौथा आला नाही.

"सोड..." दयारामचा आवाज होता, पण तिच्याशी बोलणारा नव्हता. "सोड बांबू... कोण..."

शेवंताबाईला मान वळवता येत नव्हती. पलंगाच्या कडेखाली तिला त्याचे पाय दिसत होते. लादीवर घोट्याएवढं पाणी होतं, गढूळ, आणि त्यात हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे फिरत होते. त्याच्या पायांसमोर आणखी दोन पाय होते. पांढरे, पाण्यात दिवसचे दिवस भिजलेल्या कपड्यासारखे सुरकुतलेले. टाचांची कातडी माशांनी खाल्लेली.

आधी बोटं मोडली. एकेक करून मोडली. ओल्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाबरोबर दयाराम ओरडत होता. मग बांबू हवेत फिरला. तडाखा बसला आणि रक्ताची चिळकांडी पांढऱ्या चादरीवर उडाली. शेवंताबाईला मोजायचं नव्हतं, पण तिचं तोंड आपोआप मोजत होतं. दोन. तीन. तो गुडघ्यांवर आला. आता त्याचं तोंड तिच्यासमोर होतं, एक डोळा बाहेर आलेला, तुटक्या दाताच्या फटीतून पाणी येत होतं. चार. "मी हाये..." तो म्हणाला. "अवो, मी हाये..." पाच. सहा. सातव्याचा आवाज वेगळा होता, मऊ. मग काहीतरी त्याच्या मानेवर टेकलं आणि त्याचं तोंड त्या घोट्याएवढ्या पाण्यात खाली गेलं. बुडबुडे आले. बराच वेळ आले. मग थांबले.

शेवंताबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जाता जाता तिला एवढंच कळलं की तिचा हात फुग्यावरून घसरला. मेली पोरगी, तिच्या मनात आलं, या बारीलाही मीच थांबले.

ती शुद्धीवर आली तेव्हा लादीवर होती. फुग्याचा आवाज येत होता. फस... फस... एक, दोन. मिनिटाला बरोबर सोळा. पलंगाच्या कडेवरून एक हात दिसत होता, फुगा दाबणारा. पाचही बोटं ठेचलेली, नखं नव्हती, मनगटात अर्धी फुटलेली हिरवी बांगडी रुतलेली. शेवंताबाईने डोळे मिटून घेतले. ती हात जोडायला गेली, पण डावा हात उचलला जाईना.

डॉक्टर मुंडले पावणेपाचला कुप्या घेऊन आले. त्यांनी पाहिलं ते असं. फुगा नळीपासून सुटून खाली पडलेला. कुंदा स्वतःच्या श्वासाने छाती भरत, डोळे सताड उघडे. शेवंताबाई पलंगाच्या पायाशी बेशुद्ध. आणि दयाराम पालथा, डोक्याचा चेंदामेंदा, दोन्ही हातांची बोटं उलटी वळलेली. लादी कोरडी खडखडीत होती. त्यांनी पिशवीतला लक्ष्मणरावांचा मळका सदरा फाडून शेवंताबाईचा हात बांधला आणि मग पोलिसांना बोलवायला गेले.

डोकं फिरून त्याने स्वतःलाच मारून घेतलं, असं कागदावर लिहिलं गेलं. बोटं मोडलेला माणूस स्वतःला बांबूने सात वेळा कसा मारतो, हे कुणी विचारलं नाही. ज्या डॉक्टरांनी प्रेत फाडलं त्यांनी मुंडल्यांना एवढंच सांगितलं, "भाई, फेफड़ों में नर्मदा की रेत थी." मुंडल्यांनी फुप्फुसांतल्या वाळूचं ते एकदाच शेवंताबाईला सांगितलं. भिंतीवरचा लाल मजकूर त्यांनी पुन्हा गडद करून घेतला.

सातव्या दिवशी कुंदाला तिचा मामा न्यायला आला. पोरगी चांगली बरी झाली होती, जेवत होती, केसांना तेल लावून घेत होती. बोलत मात्र कमी होती. शेवंताबाईचा हात प्लास्टरमध्ये होता. तिला त्या पोरीबद्दल इतकी माया दाटून आली होती की ती फाटकापर्यंत सोडायला गेली. "जप बाई," ती म्हणाली. "खाटेवर निजत जा. खाली निजू नको."

कुंदा पाया पडायला वाकली. वाकली ती उठेना. तिने शेवंताबाईच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला होता. बोटं बर्फासारखी गार होती.

"तीन वाजून दहा मिनिटं झाली होती," ती हळू आवाजात म्हणाली. तो आवाज सतरा वर्षांच्या पोरीचा नव्हता. "मी हलवला होता. तू पाहिलं होतंस न... शेवंता?"

"हो," शेवंताबाई म्हणाली. बारा वर्षांनी, पहिल्यांदा. "पाहिलं होतं."

"मग काहून थांबली?"

मामाने टेम्पोतून हाक मारली. कुंदा उठली, पदर सावरून नीट हसली आणि निघून गेली. शेवंताबाईच्या अंगठ्यावर दोन पांढरे ठसे उमटले होते, पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी होते तसे. ते आजही आहेत.

आता ती बरीच म्हातारी झाली आहे, गोरखपुरात लेकीकडे असते. आपण गेलो की चोवीस तास हात लावायचा नाही असं तिने लेकीला सांगून ठेवलं आहे. लेक हसते. दसऱ्याच्या दिवशी मात्र ती सकाळपासून खाटेवर पाय सरळ करून बसते. दुपारी कुंदा येते. आपट्याची पानं हातात देते, वाकते आणि तो अंगठा दोन बोटांत धरून वाट बघते. लेकीला वाटतं केवढा लळा. शेवंताबाई सगळा जीव गोळा करून अंगठा हलवते.

"हलते अजून," कुंदा म्हणते, आणि पुढच्या दसऱ्याला येते म्हणून सांगून जाते.